पुढचं ऐकणारी अँटेना

१

छपराला भोक पाडायला मी साफ नकार दिला. ओडेल प्रुइट अजून म्हणतो की तिथेच मी माती खाल्ली.

ओडेलचं पेट्रोल पंपाला टेकून पत्र्याचं शेड आहे. त्यात तो ट्रकवाल्यांचे रेडिओ दुरुस्त करतो, अँटेना बसवतो आणि येईल त्याला फुकट अक्कल शिकवतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी माझी हिरवी पिकअप त्याच्या दारात उभी केली. एकोणऐंशी सालची गाडी. तिच्या अंगावर गंज न लागलेली एकच जागा उरलीय, ती म्हणजे छप्पर, आणि हा नेमका तिथे ड्रिल लावायला निघाला.

"मधोमध बसवून घे रे व्हर्लिन," तो म्हणाला. "चारी बाजूंचं सारखं ऐकू येतं."

"आणि पाऊस आला की माझ्या टकलावर गळू दे."

"गळू दे की. तेवढंच धुतलं जाईल."

त्याने समोर तीन अँटेना मांडल्या. साडेआठ फुटी पोलादी काठी सगळ्यात चांगली, पण जंगलातल्या रस्त्यावर पहिल्याच फांदीला अडकून गेली असती. चुंबकाने चिकटणारी आखूड छपरावर बसते, भोक लागत नाही, पण खडबडीत रस्त्यावर घसरते आणि ऐकतेही जेमतेम. मी तिसरी घेतली. चार फुटांची, फायबरची, खाली स्प्रिंग असलेली. मागच्या हौद्याच्या डाव्या कोपऱ्यावर पट्टी बोल्टने आवळून तिच्यावर बसवायची असं ठरलं. जुन्या पिकअपचा हौदा रबरावर टेकलेला असतो, म्हणून तिथला रंग खरवडून उघड्या पत्र्यापासून खालच्या चॅसीपर्यंत तांब्याची जाड तार जोडावी लागते, नाहीतर अँटेना नुसती शोभेची. हे सगळं ओडेलने कुरकुरत केलं.

"कोपऱ्यातली अँटेना एका अंगाला झुकतं माप देते," तो म्हणाला. "मागे लावलीस म्हणजे तुला पुढचं जास्त ऐकू येणार. मागचं कमी."

"मला पुढचंच ऐकायचंय. मागच्यांशी माझं काही काम नाही."

मग त्याने मीटर जोडला. बोललेल्यातलं किती बाहेर जातं आणि किती तारेतून परत फिरतं ते त्यावर कळतं. थोडं परत येतंच; अँटेनाचं टोक जरा जरा कापत ते कमी करायचं असतं. ओडेलने कटर हातात घेतला आणि काटा बघून तसाच उभा राहिला. काटा जागचा हलत नव्हता. त्याने दुसरा मीटर आणला. तेच.

"तीस वर्षांत असं पाहिलं नाही," तो म्हणाला. "काहीच परत येत नाहीये. जे बोलशील ते सगळंच्या सगळं जातंय."

"मग चांगलंच की."

"चांगलंच," तो म्हणाला, पण कटर खिशात ठेवायला त्याने बराच वेळ लावला.

२

रेडिओची हौस मला नव्हती. ट्रुडी हात धुऊन मागे लागली म्हणून बसवला. ट्रुडी माझी मुलगी, वय चौतीस, लाकडाचा ट्रक चालवते. टॅमरॅक क्रीकच्या रस्त्यावर सतराव्या मैलाला झाडतोड चालू आहे. तिथून ओंडके भरून ती दिवसाला तीन खेपा खाली आणते. रस्ता एका गाडीपुरता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल ओढा. म्हणून दर मैलाच्या पाटीशी आलं की रेडिओवर आपला आकडा सांगायचा. वर जाणारा "रिकामा", खाली येणारा "भरलेला". भरलेल्याला झटकन थांबता येत नाही, तेव्हा रिकाम्याने डोंगरात कापलेल्या खाचेत शिरून वाट द्यायची. आपण नाही त्या मैलाचा आकडा इथे कुणी सांगत नाही. चेष्टेतसुद्धा नाही. वळणापलीकडचं काही दिसतच नाही, त्यामुळे या रस्त्यावर माणसं कानाने गाडी चालवतात.

मी स्वतः एकतीस वर्षं तेच केलं. आता बाराव्या मैलाजवळ वाळकी झाडं तोडून जळण आणतो. ऑगस्टमध्ये रेडिओ नसताना एका भरलेल्या ट्रकच्या तोंडात जाता जाता वाचलो. त्या संध्याकाळी ट्रुडीने टेबलावर हात आपटला.

"रेडिओ बसव, नाहीतर पिकअपची चावी मी घेते."

"तू ट्रक सोड, मी रेडिओ बसवतो."

ती उठून गेली. तिने हा धंदा करू नये असं मला वाटत होतं आणि ते मी चार वर्षं रोज बोलून दाखवत होतो. ओंडक्यांच्या साखळ्या सैल आवळल्यास, वळणाला उशिरा गिअर टाकलास, टायर बघितले नाहीस. तिची आई, माझी मेव्हिस, होती तोवर मध्ये पडायची. ती गेल्यावर आमच्यात नुसती कुरबुर उरली. ट्रुडी माझ्याच आवारातल्या ट्रेलर-घरात राहते, रात्री माझ्याकडे जेवते, आणि तरी आठवडा आठवडा आम्ही एकमेकांशी एक धड वाक्य बोलायचो नाही.

असो. अँटेना बसल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी वर निघालो. पहिला मैल, दुसरा, तिसरा, सगळं ठीक. चौथ्या पाटीशी बटण दाबून म्हणालो, "चार, रिकामा."

बटण सोडलं तर लगेच कुणीतरी म्हणालं, "पाच, रिकामा."

म्हातारा वाटला कुणी, नाकात बोलणारा. पुढे कुणी आहे म्हणून मी वेग कमी केला. पाचव्या पाटीशी मी पाच म्हणालो, त्याने सहा म्हटलं. सहाला सात. हा बेटा बरोबर एक मैल पुढे राहून चाललाय, असं मला वाटलं. ट्रुडी पहाटे वर गेल्यावर पावसाची जोरदार सर येऊन गेली होती, रस्ता ओला होता. आठव्या मैलाला मी सहज खाली बघितलं. चिखलात हरणांच्या खुरांचे ठसे होते. टायरचा एकही ठसा नव्हता.

मी तिथेच थांबलो, खाली उतरलो, वाकून बघितलं. ट्रुडीच्या सकाळच्या खेपेचे ठसे पावसाने धुतले असतील, पण हा तर माझ्या पुढे पाच मिनिटांवर होता. दुसरीकडून कुठून तरी रस्त्यावर चढला असेल, असं मी मनाला सांगितलं. या रस्त्याला दुसरीकडून चढायला वाट नाही, हे मला एकतीस वर्षं माहीत आहे.

३

त्या रात्री जेवताना ट्रुडीने स्वतःहून माझ्या ताटात मांसाच्या वडीचा मोठा तुकडा वाढला. मला वाटलं, काहीतरी मागणार.

"थँक्यू बाबा," ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"दुपारी बोललास ना रेडिओवर. उतारावर गिअर छान धरतेस, इंजिनाच्या आवाजावरून कळतं, म्हणालास." ती बशीकडे बघत होती. "आईला आवडलं असतं म्हणालास. मला खूप बरं वाटलं."

मी असलं काही बोललो नव्हतो. दुपारी मी बाराव्या मैलाला करवत चालवत होतो, पिकअप बंद होती. कोण हलकट माझ्या मुलीशी माझ्या नावाने बोलतोय, असं तोंडावर आलं होतं. पण तिचा चेहरा बघितला. मेव्हिस गेल्यापासून तो चेहरा मी पाहिला नव्हता.

"हं," मी म्हणालो. "जेव आता."

खरं सांगतो, तेव्हाच बोलायला हवं होतं. मला मोह झाला. आयतं चालून आलेलं ते श्रेय मला नको म्हणवलं नाही.

मग रोजच तसं व्हायला लागलं. मी सांगितलेल्या आकड्याच्या पुढचा आकडा तो सांगायचा, आणि मी नसताना ट्रुडीशी गप्पा मारायचा. संध्याकाळी ती मला माझीच वाक्यं सांगायची आणि मी हं हं करायचो. तिने मला बेरीचा केक करून खाऊ घातला. माझा चहाचा मग स्वतः विसळला. आणि मी तिथे बसून चोरासारखं खात होतो.

४

दोन आठवड्यांनी मी ओडेलकडे गेलो. म्हटलं, कुणीतरी माझी नक्कल करतंय, शोधून दे.

"नक्कल?" ओडेल म्हणाला. "व्हर्लिन, माझ्याकडे दिवसभर तोच चॅनेल चालू असतो. तुझा आवाज मी ओळखत नाही होय? नाकात बोलणारा दुसरा कोण आहे या खोऱ्यात?"

मी नाकात बोलतो हे मला त्या दिवशी कळलं.

"तसं बघितलं तर म्हातारपणी गोड झालास," तो पुढे म्हणाला. "परवा दुपारी अकराव्या मैलाला होतास ना, टॅमरॅकची झाडं पिवळी झालीत, ट्रुडी, डावीकडे बघ, असं सांगत होतास. मी म्हटलं, याला काही झालं की काय. तब्येत बरी आहे ना?"

"परवा मी घरी होतो. गाडी काढलीच नाही."

ओडेलने कारणं काढायला सुरुवात केली. हवेतून लाटा उड्या मारतात, शंभर मैलांवरचं इथे ऐकू येतं. डोंगरावर आपटून प्रतिध्वनी येतो. मी विचारलं की प्रतिध्वनी पुढचा आकडा सांगतो का. पाना घेऊन त्याने अँटेना उतरवली आणि माझ्या हातात दिली.

"दोन दिवस घरात ठेव," तो म्हणाला. "बघू."

दोन दिवस ती स्वयंपाकघरात कोपऱ्यात उभी होती. मी घराबाहेर पाय टाकला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रुडी आली ती हसतच.

"दोन दिवस काय मजा आली रे," ती म्हणाली. "कधी नव्हे ते तुला एवढं बोलताना ऐकलं. मी लहान असताना ट्रकमध्ये तुझ्या मांडीवर झोपायचे ते मला आठवतच नव्हतं."

माझ्या हातातला काटा बशीवर वाजला. तिला मांडीवर घेऊन ट्रक चालवल्याचं मी कुणाला सांगितलेलं नाही. मेव्हिसने जीव घेतला असता.

सकाळी उठून मी अँटेना पुन्हा पिकअपवर चढवली. काढून तो गप्प बसत नव्हता, फक्त मला ऐकू येत नव्हता. आणि माझ्या मुलीला तो काय सांगतोय हे मला ऐकायचं होतं.

५

आता तो एक मैल पुढे नव्हता. दोन, कधी तीन. मी सहा म्हटलं तर नऊ म्हणायचा. एक दिवस ठरवलं, बघायचाच.

धुकं होतं. दुपारचे बारा वाजले होते, तरी दिवे लावावे लागत होते. नवव्या मैलाच्या खाचेच्या अलीकडे एक वळण आहे, त्याच्याही अलीकडे लहान खाच आहे. तिथे मी गाडी आत घेऊन इंजिन आणि दिवे बंद केले. आकडा सांगितला नाही. हाताशी रेडिओ असून आयुष्यात पहिल्यांदा या रस्त्यावर मी आकडा गिळला.

"अकरा, भरलेला," ट्रुडीचा आवाज आला.

"नऊवर खाचेत आहे मी," तो म्हणाला. "रस्ता मोकळा आहे बाळा. सावकाश ये."

बाळा. मी तिला कधी बाळा म्हटलं नाही, तान्ही असताना देखील नाही.

उतरून मी पायी वळणापर्यंत गेलो. कड्याला हात लावत लावत. वरून ट्रुडीच्या ट्रकचा घरघराट येत होता. वळणावरून मान पुढे काढली.

खाचेत एक पिकअप उभी होती. मागचा भाग माझ्याकडे. हिरवी. हौद्याच्या डाव्या कोपऱ्यात अँटेना होती आणि ती हलत होती, गाडी नुकतीच थांबल्यावर हलते तशी. पण ती थांबायची काही थांबेना. खिडकीतून एक कोपर बाहेर आलं होतं. चौकड्यांच्या कोटाची बाही. मी माझ्या बाहीकडे बघितलं. तोच कोट मी घातला होता.

हाक मारावी असं वाटलं. अजून दहा पावलं टाकली असती तर चेहरा दिसला असता, पण मी तिथेच थांबलो. मला तो चेहरा बघायचा नव्हता.

ट्रुडीचा ट्रक धुक्यातून आला. तिने दोनदा हॉर्न दिला, हात वर केला, आणि खाचेतल्या त्या गाडीतूनही एक हात वर झाला. ट्रक माझ्या शेजारून गेला तेव्हा मी कड्याला पाठ लावून उभा होतो. ट्रुडीने मला बघितलं नाही. ती अजून हसत होती.

ट्रक गेल्यावर खाच रिकामी होती. मी जाऊन बघितलं. गुडघाभर वाळलेलं गवत जसंच्या तसं उभं होतं, एक काडी मोडलेली नव्हती. मी साठीच्या पुढचा माणूस आहे, धुक्यात काहीही दिसतं, असं म्हणत मी परत आलो.

६

त्या संध्याकाळी सांगून टाकलं.

"ट्रुडी, रेडिओवर बोलतो तो मी नाही."

ती बटाटे सोलत होती. तिला वाटलं थट्टा करतोय.

"त्यातलं काहीच मी बोललेलो नाही. गिअरचं नाही, आईचं नाही. दुसरंच काहीतरी आहे ते. त्याने रस्ता मोकळा म्हटला तर विश्वास ठेवू नकोस."

तिने सुरी खाली ठेवली.

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली. "एक महिना माणसासारखा वागलास. आता त्याची लाज वाटायला लागली, हो ना? समोर बसून एक शब्द तोंडातून निघत नाही, रेडिओवर बोललास तर तेही परत मागतोस."

"परत नाही मागत. मी ते दिलंच नव्हतं."

"म्हणजे ते अजून वाईट, बाबा."

"अगं, जिवाचा प्रश्न आहे. त्याचे मैल खोटे आहेत."

"मग कुणाचे खरे धरू? त्या रस्त्यावर माझ्याकडे दुसरं काय आहे?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तू रोज खाचेत थांबून मला हात करतोस. मी डोळ्यांनी बघते."

ती न जेवता गेली. तिच्या ट्रेलरचं दार आपटलेलं मला ऐकू आलं. मी एकटाच बसून सोललेले बटाटे बघत राहिलो. मला तिचा राग आला नव्हता. मला त्याचा हेवा वाटत होता, आणि त्या हेव्याचीच मला जास्त भीती वाटली.

७

मग तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी दुपारी उघडीप झाली तसा मी वर निघालो. लाकडं आणायची नव्हती. ट्रुडी सकाळीच वर गेली होती आणि मला चैन पडत नव्हतं.

सातव्या मैलाच्या जरा अलीकडे रस्ता गेला होता. खालचा पाण्याचा पाइप तुंबून ओढ्याकडची अर्धी बाजू खचली होती. वरून खडी तशीच दिसत होती, ट्रकमधून बघणाऱ्याला कळलंही नसतं, पण खाली पोकळी होती आणि तिच्यातून पाणी बदाबदा पडत होतं. पिकअप कड्याला घासत कशीबशी गेली असती. चाळीस टनांचा ट्रक गेलाच नसता.

मी बटण दाबलं. "ट्रुडी, सातवर रस्ता खचलाय. आहेस तिथे थांब."

"सात मोकळा आहे," त्याच क्षणी तो म्हणाला.

या रेडिओवर दोघं एकदम बोलले की कुणाचंच ऐकू जात नाही, नुसती शिट्टी वाजते. मी पुन्हा बोललो. तो माझ्यावर बोलला. मी थांबलो की तो थांबायचा, मी श्वास घेतला की त्याला कळायचं.

"दहा, भरलेला," ट्रुडी म्हणाली. "कोण शिट्ट्या वाजवतंय?"

"कुणी नाही बाळा," तो म्हणाला. "मी नऊवर आहे. ये तू."

मी माईक फेकला. पिकअप कड्याला लावून पुढे काढली. उजवीकडचा आरसा तुटून गेला, मागचं डावं चाक एकदा खाली बसलं, पण गाडी निघाली. अर्धा मैल वर जरा सरळ पट्टा आहे. तिथे गाडी रस्त्यात आडवी घातली, दिवे लावले आणि ट्रकच्या दिशेने हात पसरून उभा राहिलो.

तिने मला बघितलं आणि ब्रेक मारले. ट्रक घसरत आला, मागच्या ओंडक्यांनी एक कचकचाट केला आणि माझ्यापासून वीसेक फुटांवर थांबला. इंजिन चालू. ट्रुडीची खिडकी उघडी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू नऊवर होतास," ती म्हणाली. "आत्ता हात केलास मला."

"खाली रस्ता खचलाय. उतर आणि बघ."

तेवढ्यात तिच्या गाडीतला रेडिओ बोलला. स्वच्छ, हळू, मायेने.

"ट्रुडी, पुढे आडवा उभा आहे तो मी नाही. मी तुझ्या मागे आहे. उतरू नकोस बाळा. ढकल त्याला आणि ये खाली."

तिने रेडिओकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा हात गिअरवर होता. त्या वेळी काही गोड बोलायला हवं, हे मला कळत होतं. मी शब्द शोधले. एकही सापडला नाही.

"साखळी सैल आहे तुझी," मी म्हणालो. "मधली. वरूनच तशी आणलीस."

तिने गिअरवरचा हात काढला नाही.

"ऐक. तू चांगली चालवतेस असं मी तुला आजपर्यंत कधी म्हटलेलं नाही. चार वर्षांत एकदाही नाही. बाळाही म्हटलं नाही. तू ट्रकवर बसलीस तेव्हा मी तुझ्या आईला म्हणालो की ही महिनाभर टिकणार नाही. ते सगळं छान बोलणारा मी नव्हतो. मी हा आहे."

रेडिओ तिला हाका मारतच होता. ट्रुडीने इंजिन बंद केलं.

"हो," ती म्हणाली. "हा तूच आहेस."

ती उतरली, माझ्याकडे न बघता खाली चालत गेली, आणि खचलेल्या जागेशी बराच वेळ उभी राहिली. परत आली तेव्हा तिने मधली साखळी आवळली. ती खरंच सैल होती.

८

रस्ता दुरुस्त व्हायला बारा दिवस लागले. तेवढे दिवस तिचा ट्रक वरच अडकला होता, परवा रस्ता उघडल्यावर तिने तो आवारात आणून उभा केला. मी माझा रेडिओ उपटून ओडेलला देऊन आलो, त्याने तो कपाटात न ठेवता थेट भंगारात टाकला. ट्रुडीच्या रेडिओला हात लावता येत नाही. त्याच्याशिवाय त्या रस्त्यावर कुणाला सोडत नाहीत, आणि सोमवारी झाडतोड पुन्हा सुरू होतेय.

मला वाटलं होतं की त्या दिवसानंतर आमच्यात काही बदलेल. मी प्रयत्न केला. अंघोळ करताना वाक्य पाठ केलं, ट्रुडी, तू बापापेक्षा चांगली चालवतेस. टेबलावर आल्यावर म्हटलं, मीठ दे. तिने मीठ दिलं. ती माझ्यावर चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

काल, शनिवारी, ऊन पडलं होतं. चार वाजता रस्सा तयार झाला म्हणून मी तिला बोलवायला बाहेर आलो. ट्रेलरला कुलूप होतं. ती उभ्या ट्रकमध्ये बसली होती, काच वर करून, डोकं मागे टेकून. ओठ हलत होते. मला वाटलं गाणं म्हणतेय. जवळ गेलो तर काचेतून माझा आवाज ऐकू आला. तो तिला ती जन्मली त्या दिवसाबद्दल सांगत होता. बर्फामुळे पूल बंद होता, मी इस्पितळापर्यंत चार मैल चालत गेलो, आणि तिला पहिल्यांदा हातात घेतल्यावर जिन्यात जाऊन रडलो. ते खरं आहे. मी ते मेव्हिसलासुद्धा सांगितलं नव्हतं.

ट्रुडी ऐकत होती. तो मी नाही, हे तिला माहीत होतं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

मी काच ठोठावली. तिने वळून बघितलं, रेडिओला हात लावला आणि आवाज बारीक केला. बंद नाही केला.

मला किती तरी बोलायचं होतं. "रस्सा निवतोय," मी म्हणालो.

"ट्रुडी," आतून तो म्हणाला, "सोमवारी येशील ना?"

"हो," ती म्हणाली, त्याला. मग काच खाली न करताच तिने मला मान हलवून जा म्हणून सांगितलं.